पूर्व नेमकी कुठून सुरू होते?

1955 च्या मार्चमध्ये एर्न्स्ट युंगर या जर्मन लेखकाला साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्याच्या मित्रमंडळींनी रीतीप्रमाणे एक गौरवग्रंथ काढला. गौरवग्रंथातले लेख कौतुकाचे असतात आणि समारंभ आटोपल्यावर ते सहसा कोणी उघडून पाहत नाही. या ग्रंथातल्या एका लेखाने मात्र सत्कारमूर्तीला रीतसर नमस्कार केला आणि मग त्याच्या ताज्या पुस्तकाच्या मुळावरच घाव घातला. लेखक होता कार्ल श्मिट, विसाव्या शतकातला अतिशय तल्लख आणि तितकाच बदनाम जर्मन कायदेपंडित. विषय होता पूर्व आणि पश्चिम यांच्यातल्या जागतिक विरोधाची ऐतिहासिक घडण. दोघांची मैत्री 1930 पासूनची होती, युंगरच्या धाकट्या मुलाचा धर्मपिता श्मिटच होता, आणि तरीही आपल्या खासगी वहीत श्मिट युंगरबद्दल जे लिहून ठेवत असे ते वाचले तर मैत्री या गोष्टीवरचा आपला विश्वास जरा डळमळतो.

हा लेख छापला गेला ते दिवसही लक्षात घेण्यासारखे आहेत. त्याच एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया आणि आफ्रिकेतले 29 देश एकत्र जमले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पश्चिम जर्मनी सार्वभौम होऊन नाटोत दाखल झाला आणि 14 मे रोजी वॉर्सा करारावर सह्या झाल्या. म्हणजे पूर्व-पश्चिम हा काही त्या वेळी अभ्यासिकेत बसून चघळायचा विषय नव्हता. सैन्ये कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर उभी राहणार, याचा निकाल त्याच आठवड्यांत लागत होता. आणि अशा वेळी जर्मनीतले दोन मोठे मेंदू या विरोधाचे मूळ शोधत अलेक्झांडरपर्यंत आणि महासागरापर्यंत जाऊन पोहोचले होते. ते इतक्या लांब का गेले, हा प्रश्न मला त्यांच्या उत्तरांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे.

युंगरचे पुस्तक 1953 चे, नाव ‘गॉर्डियमची गाठ’. इसवी सनापूर्वी 333 मध्ये अलेक्झांडर गॉर्डियमला आला, कोणालाही न सुटलेली गाठ त्याने पाहिली आणि ती सोडवत न बसता तलवारीने तोडून टाकली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. युंगरच्या हाती ती सगळ्या इतिहासाची किल्ली होते. गाठ म्हणजे नियती, जमिनीला घट्ट बांधलेली जुनी सत्ता, राजाच्या लहरीवर चालणारे जग. तलवार म्हणजे प्रकाश, मोकळ्या मनाने घेतलेला निर्णय, स्वातंत्र्य. गाठ पूर्वेची आणि तलवार पश्चिमेची. ग्रीक आणि इराणी यांच्यापासून आजपर्यंत हीच भेट पुन्हा पुन्हा होत आली आहे, असे त्याचे म्हणणे. तो इतका भाबडा नाही की सगळे पुण्य एका दिशेला देऊन मोकळा होईल. पूर्व आणि पश्चिम हे प्रत्येक माणसाच्या आतले दोन थर आहेत, असेही तो सांगतो. त्याचे गद्य नितळ आहे आणि वाचताना आपण सहज त्याच्या मागे ओढले जातो.

पण हाच युंगर 1942 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याचा अधिकारी म्हणून कॉकेशसमध्ये होता आणि तिथली रोजनिशी त्याने स्वतःच 1949 मध्ये प्रसिद्ध केली. वर्षअखेरच्या एका नोंदीत तो लिहितो की ज्यूंच्या सामुदायिक हत्येबद्दल, विषारी वायूबद्दल एका सेनाधिकाऱ्याने त्याला सांगितले, आणि ते ऐकून गणवेशाची, खांद्यावरच्या पट्ट्यांची, पदकांची आणि ज्या शस्त्रांची चमक आपल्याला एके काळी इतकी प्रिय होती त्या शस्त्रांची त्याला शिसारी आली. ही नोंद प्रामाणिक आहे, असे मी मानतो. म्हणूनच चार वर्षांनी त्याच माणसाने चमकणारी तलवार पुन्हा म्यानातून काढून तिला स्वातंत्र्याचे चिन्ह करावे, हे मला पचत नाही. रोजनिशीतल्या माणसाने पूर्वेकडे काय चालले आहे ते जवळून ऐकले होते आणि ते पश्चिमेकडून आलेले लोक करत होते, हेही त्याला माहीत होते. 1953 च्या पुस्तकात तो इतक्या उंचावर जाऊन उभा राहतो की तिथून माणसे दिसत नाहीत, नुसत्या दिशा दिसतात.

श्मिटने आपल्या लेखात नेमका या उंचीवर हल्ला केला, मात्र वेगळ्या कारणासाठी. त्याचा आक्षेप असा: युंगर ज्याला पूर्व-पश्चिम म्हणतो तो निसर्गातल्या दोन ध्रुवांसारखा कायमचा विरोध आहे, आणि इतिहास तसा चालत नाही. इतिहासात एक हाक येते, तिला एक उत्तर दिले जाते आणि ते उत्तर त्या एकाच वेळेपुरते खरे असते. जुने उत्तर नव्या हाकेला देता येत नाही. मग आजच्या विरोधाची हाक कोणती? श्मिटचे उत्तर आहे समुद्र. सोळाव्या शतकानंतर महासागर खुले झाले आणि इंग्लंड नावाच्या बेटाने जमिनीकडे पाठ फिरवून समुद्रावर जगायचे ठरवले. जमिनीवरच्या जगण्याच्या मध्यभागी घर असते आणि समुद्रावरच्या जगण्याच्या मध्यभागी जहाज. घराभोवती शेत, कुळ, वतन, सीमा, देव अशा गोष्टी जमतात. जहाजात मात्र प्रत्येक गोष्ट तंत्रावर उभी असते, कारण तंत्र चुकले तर माणूस बुडतो. बेलगाम यंत्रयुग इंग्लंडमध्येच जन्माला आले ते यामुळे. म्हणजे मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यातला झगडा हा मुळात जमीन आणि समुद्र यांचा झगडा आहे.

हे विवेचन युंगरपेक्षा कितीतरी धारदार आहे यात शंका नाही. अर्थात मराठी वाचकाने त्याने फार दिपून जावे असेही नाही. ज्याच्यापाशी घोडदळ त्याची पृथ्वी आणि ज्याच्यापाशी आरमार त्याचा समुद्र, आणि आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग आहे, हे ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते, तेही टोपीकर समुद्रातून येऊन किनाऱ्यावर पाय रोवत असताना, प्रत्यक्ष कारभाराची सूचना म्हणून. अमात्यांना त्यातून जगाच्या इतिहासाचे तत्त्वज्ञान काढायचे नव्हते, किल्ले आणि गलबते सांभाळायची होती. त्यांच्या त्या नोंदीत कर्ता स्पष्ट आहे: आरमार कोणी बांधायचे, कोणी राखायचे, हे त्यात येते. श्मिटच्या लेखात कर्ता सापडत नाही, आणि तो का सापडत नाही, याचे उत्तर त्याच्या आधीच्या वीस-बावीस वर्षांत आहे.

1 मे 1933 रोजी श्मिट नाझी पक्षात गेला. 1 एप्रिल 1939 रोजी त्याने कील शहरात व्याख्यान दिले आणि ‘महाक्षेत्रा’ची कल्पना मांडली: एका मोठ्या सत्तेच्या प्रभावाखालचा प्रदेश, ज्यात परक्या सत्तांनी हस्तक्षेप करायचा नाही. नमुना म्हणून त्याने अमेरिकेचा मन्रो सिद्धान्त घेतला होता. तुम्ही आपल्या खंडात जे करता तेच आम्ही आमच्या खंडात करतो, असा तो युक्तिवाद. महिना संपायच्या आत हिटलरने आपल्या भाषणात रूझवेल्टला तशाच तऱ्हेचे उत्तर दिले. हिटलरने ते श्मिटकडून घेतले की नाही, यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालू आहे आणि तो चालू राहील. पण कीलमध्ये पूर्वेकडचा प्रदेश कोणाच्या प्रभावाखाली असावा हे सांगणारा माणूस 1955 मध्ये त्याच पूर्वेविषयी लिहितो आणि 22 जून 1941 ही तारीख, म्हणजे जर्मन सैन्य सोव्हिएत भूमीत घुसले तो दिवस, त्याच्या विवेचनाच्या मध्यभागी नसते. जमीन समुद्राशी झगडते, हाक येते, उत्तर दिले जाते, आणि जर्मनी मात्र त्या सगळ्यात बाजूला बसलेल्या प्रेक्षकासारखा. ज्या माणसाला न्युरेंबर्गमध्ये चौकशीसाठी बसवले गेले होते आणि ज्याला पुन्हा कधी विद्यापीठात शिकवता आले नाही, त्याला अशी मांडणी सोयीची होती, असे म्हणण्यात मला अनुदारपणा वाटत नाही.

या लेखात श्मिटने जर्मन महाकवी गटेच्या 1812 च्या एका कवितेचा दाखला दिला आहे. नेपोलियन मॉस्कोच्या वाटेवर असताना गटेने कार्ल्सबादमध्ये फ्रान्सच्या सम्राज्ञीसाठी ही स्तुतिकविता लिहिली, आणि तिच्यात क्षुल्लक सगळे वाहून गेले, आता वजन आहे ते फक्त समुद्राला आणि जमिनीला, अशा अर्थाच्या ओळी येतात. श्मिटला आपल्या सिद्धान्तासाठी याहून मोठा साक्षीदार मिळाला नसता. पण याच गटेने दोनच वर्षांनी फारसी कवी हाफिजच्या कवितेचा जर्मन अनुवाद वाचला आणि त्यातून 1819 मध्ये जो ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ आला, त्यात पूर्वही देवाची आणि पश्चिमही देवाचीच असे म्हटले आहे. कोणता गटे निवडायचा हे निवडणाऱ्यावर असते, आणि श्मिटने सम्राटाच्या दरबाराशी जवळीक असलेला निवडला.

भूराजकारण हा शब्द आज वृत्तवाहिन्यांवर दिवसभर ऐकू येतो, पण जर्मनीत एके काळी त्याला एका घराचा चेहरा होता. कार्ल हाउसहोफर हा बव्हेरियाचा लष्करी अधिकारी. 1908 ते 1910 या काळात तो जपानमध्ये राहून आला, पहिल्या महायुद्धानंतर म्युनिकला प्राध्यापक झाला आणि 1924 मध्ये त्याने भूराजकारणाचे मासिक सुरू केले. पुढे नाझी पक्षात हिटलरचा उपनेता झालेला रूडोल्फ हेस हा त्याचा विद्यार्थी होता, आणि लांड्सबर्गच्या तुरुंगात हेसला भेटायला जाताना हाउसहोफरची हिटलरशीही गाठ पडत असे. मात्र त्याचे आवडते स्वप्न हिटलरच्या स्वप्नाहून वेगळे होते: बर्लिन, मॉस्को आणि टोकियो यांनी मिळून समुद्रावरच्या सत्तांविरुद्ध एक अखंड भूखंड उभा करावा. 1904 मध्ये इंग्रज भूगोलतज्ज्ञ मॅकिंडर याने लंडनमध्ये ज्या युतीची भीती घातली होती तीच हाउसहोफरला हवीशी वाटली. 1941 च्या जूनमध्ये हे स्वप्न रणगाड्यांखाली गेले.

त्याचा मुलगा आल्ब्रेख्त हाही भूगोलाचाच प्राध्यापक आणि कवी. हिटलरविरोधी कटाच्या वर्तुळाशी संबंध असल्यामुळे 1944 च्या डिसेंबरात त्याला पकडले गेले. बर्लिनच्या मोआबिट भागातल्या तुरुंगात त्याने 80 सुनीते लिहिली. एप्रिल 1945 मध्ये, रशियन सैन्य शहरात शिरत असताना, 22 तारखेच्या रात्री एसएस या नाझी दलाच्या लोकांनी त्याला आणि काही कैद्यांना बाहेर काढले आणि जवळच्या ओसाड जागेत मागून गोळ्या घातल्या. काही आठवड्यांनी त्याच्या भावाला प्रेत सापडले तेव्हा सुनीतांचे कागद त्याच्यापाशीच होते. त्यांतले एक सुनीत वडिलांवर आहे. एका पौर्वात्य कथेचा आधार घेऊन तो सांगतो की समुद्राच्या तळाशी कैद असलेल्या राक्षसाच्या कुपीवरची मोहोर माझ्या वडिलांनी फोडली. त्यातून आलेला दुष्टपणाचा वास त्यांना जाणवला नाही आणि त्यांनी त्याला जगात मोकळे सोडले. हिटलरच्या धोरणावर हाउसहोफरचा प्रत्यक्ष प्रभाव किती होता, यावर मतभेद आहेत. मुलाने तो प्रश्न प्रभावाचा ठेवलाच नाही, त्याने तो जबाबदारीचा केला. मार्च 1946 मध्ये कार्ल आणि त्याची पत्नी मार्था यांनी आत्महत्या केली. जर्मन भूराजकीय विचारात कर्ता पहिल्यांदा जर कुठे नाव घेऊन उभा राहिला असेल, तर तो या चौदा ओळींत.

या पटावर आपली माणसेही होती. पहिल्या महायुद्धात माक्स फॉन ओपनहाइम या जर्मन मुत्सद्द्याने इंग्रजांच्या ताब्यातल्या पूर्वेत बंडे पेटवण्याची योजना आखली आणि बर्लिनमध्ये भारतीय क्रांतिकारकांची समिती उभी राहिली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच काळात इराणपर्यंत जाऊन लढले. खानखोज्यांसाठी जर्मनी हे साधन होते आणि जर्मनीसाठी खानखोजे. दोघांनाही हे कळत होते. पुढे मेक्सिकोत गव्हाच्या वाणांवर काम करणाऱ्या या माणसाचे आयुष्य ‘पूर्व विरुद्ध पश्चिम’ या चौकटीत कुठे बसवायचे, हे युंगरला विचारायला हवे होते. श्मिटने मात्र 1952 मध्ये एका लेखात हे मान्य केले होते की दोन गटांची ही विभागणी शेवटची नसावी, तिसरी शक्ती पुढे येऊ शकते, आणि त्याच्या यादीत चीन आणि युरोपबरोबर भारतही होता. ही त्याची दूरदृष्टी होती, ती नाकारण्याचे कारण नाही.

आता थोडे मागे जावे लागेल, कारण जर्मन विचारात पूर्व ही नेहमीच शत्रूची बाजू होती असे समजणे साफ चूक ठरेल. पहिल्या महायुद्धात कादंबरीकार थॉमस मान याने ‘एका अराजकीय माणसाचे चिंतन’ हा ग्रंथ लिहायला घेतला तेव्हा त्याचा शत्रू पश्चिमेकडे होता: फ्रान्स, त्याची वकिली लोकशाही, त्याची भाषणबाजी, आणि त्या सगळ्याचा पुरस्कार करणारा त्याचा सख्खा भाऊ हाइनरिश. 1915 मध्ये हाइनरिशने एमिल झोलावर निबंध लिहिला, त्यातला टोला थॉमसला वर्मी लागला आणि सहाशेहून अधिक पानांचे उत्तर 1918 मध्ये बाहेर पडले. या ग्रंथाच्या आरंभीच्या प्रकरणात तो आधार घेतो दोस्तोयव्हस्कीचा; रोमपासून चालत आलेल्या पश्चिमी जगाचा निषेध करणारे राष्ट्र म्हणजे जर्मनी, हे त्या रशियन कादंबरीकाराचे म्हणणे त्याला आपल्या राष्ट्राचे नेमके वर्णन वाटते. जर्मन आत्म्याची व्याख्या एका रशियनाकडून उसनी घ्यावी लागली, यात मानला काही वावगे वाटले नाही. त्या काळी त्याच्या मनातला रशिया हा नातलग होता.

चारच वर्षांत तो बदलला. एप्रिल 1922 मध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाउ याने रापालोला सोव्हिएत रशियाशी करार केला, जूनमध्ये उजव्या अतिरेक्यांनी त्याचा खून केला आणि ऑक्टोबरात मानने बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने जाहीर भाषण केले; श्रोत्यांतल्या तरुणांना ते रुचले नाही. 1924 मध्ये आलेल्या ‘जादूचा पर्वत’ या कादंबरीत हा सगळा गुंता एका जेवणघरात आणून बसवला आहे. दावोसच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात सात टेबले आहेत, त्यांत एक ‘चांगले रशियन टेबल’ आहे आणि एक ‘वाईट रशियन टेबल’. क्लाव्दिया शोशा ही रशियन स्त्री काचेचे दार धाडकन आपटत उशिरा येते आणि हान्स कास्टोर्प हा हॅम्बुर्गचा सरळमार्गी तरुण आधी चिडतो, मग दार आपटण्याची वाट पाहू लागतो. सेटेम्ब्रिनी हा इटालियन मानवतावादी त्याला बजावतो की इथे हवेतच आशिया भरला आहे, आणि तुमच्या देशाला पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये एकदा निवड करावीच लागेल. कास्टोर्प काही निवडत नाही. तो सात वर्षे डोंगरावर लोळत राहतो आणि शेवटी फ्लांडर्सच्या चिखलात बंदूक घेऊन धावताना आपल्याला दिसतो. दार आपटण्याच्या आवाजात पूर्व ऐकू येणे ही कल्पना मला युंगरच्या तलवारीपेक्षा जास्त खरी वाटते, कारण इथे लेखकाला ठाऊक आहे की पूर्व ही ऐकणाऱ्याच्या कानात आहे. दार तर कोणीही आपटते.

1949 मध्ये गटेच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा अमेरिकेचा नागरिक झालेला मान जर्मनीत आला. जुलैमध्ये तो फ्रँकफुर्टला बोलला आणि 1 ऑगस्टला सोव्हिएत अमलाखालच्या वायमारला. आपण विभाग ओळखत नाही, आपली भेट संपूर्ण जर्मनीला आहे, असे त्याने सांगितले. पश्चिमेकडची वर्तमानपत्रे खवळली. वायमारजवळच बुखेनवाल्ड आहे. नाझींची ती छळछावणी 1945 नंतर सोव्हिएतांनी आपल्या कैद्यांसाठी वापरात ठेवली होती आणि 1949 मध्येही ती चालू होती. तिथे जा, अशी मागणी त्याच्याकडे करण्यात आली. तो गेला नाही. मानवर प्रेम करणाऱ्यांना ही जागा अडचणीची वाटते, आणि वाटायलाच हवी. दोन्ही बाजूंना एकच भाषण देता येते, पण एका बाजूच्या कुंपणाआड कोण आहे हे पाहायचे टाळून दिलेले भाषण तितकेसे एक राहत नाही.

वायमारमध्ये आता एका चौकात गटे आणि हाफिज यांचे स्मारक आहे: ग्रॅनाइटच्या दोन मोठ्या खुर्च्या, पूर्व-पश्चिम रेषेवर एकमेकींकडे तोंड करून. 2000 साली इराणचे अध्यक्ष खातमी आणि जर्मनीचे अध्यक्ष राउ यांनी त्याचे अनावरण केले. मी गेलो तेव्हा शाळेतली दोन मुले त्यांवर चढून वेफर्स खात होती. खुर्च्या रिकाम्या ठेवण्यामागची कल्पना मला पटते, पण त्या इतक्या उंच पाठीच्या आहेत की त्यांत बसून कोणी मोकळेपणाने गप्पा मारील असे वाटत नाही.

ज्या वर्षी मान वायमारला गेला त्याच वर्षी बॉनमध्ये आडेनाउअर चान्सेलर झाला. कोलोनच्या या कॅथलिक गृहस्थाने 1946 मध्येच अमेरिकेत राहणाऱ्या एका जुन्या परिचिताला लिहिले होते की धोका मोठा आहे, आशिया एल्ब नदीवर येऊन उभा आहे. पुढचे त्याचे सगळे धोरण या वाक्यात सामावले आहे. मार्च 1952 मध्ये स्टालिनने तटस्थतेच्या बदल्यात एकत्र जर्मनीचा प्रस्ताव पाठवला तेव्हाही तो बधला नाही, आणि बहुधा बरोबरच होता. पण नकाशा उघडून पाहिला तर गंमत दिसते. तेव्हा सोव्हिएत ताब्यात असलेली वायमार, लाइपझिग, हाले ही सगळी गावे एल्बच्या पश्चिमेला आहेत. गटेचे घर आणि बाखचे चर्च ज्या भूमीत आहे, ती एका पत्रात आशिया झाली.

या ‘आशिया’त काय चालले होते, हे सांगायला कोणी राजनीतिज्ञ पुढे आला नाही, ते काम दोन तरुण कादंबरीकारांनी केले आणि योगायोग असा की दोघांच्याही कादंबऱ्यांत रेल्वेचे रूळ आहेत. ऊवे योन्सोनची ‘याकोबविषयीचे तर्क’ 1959 मध्ये पश्चिमेत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तो स्वतः पश्चिम बर्लिनला आला. याकोब आब्स हा पूर्व जर्मनीच्या रेल्वेत गाड्यांचे नियंत्रण करतो. 1956 ची शरद ऋतूतली गोष्ट आहे. हंगेरीतला उठाव चिरडायला निघालेल्या सोव्हिएत सैन्याच्या गाड्या त्याच्या विभागातून जाणार आहेत. तो काय करू शकतो? एखादी गाडी काही मिनिटे रोखून धरू शकतो. त्याने काय बदलेल? काहीच नाही, आणि हे त्याला सगळ्यांपेक्षा नीट माहीत आहे, कारण वेळापत्रक त्याच्या हातात आहे. ज्या मुलीवर त्याचे प्रेम आहे ती गेझिने पश्चिमेत नाटोच्या कार्यालयात काम करते आणि गुप्त पोलिसांच्या एका अधिकाऱ्याला तिला याकोबमार्फत आपल्याकडे वळवायचे आहे. याकोब पश्चिमेला जाऊन येतो, तिथे राहत नाही, परततो, आणि धुक्याच्या सकाळी नेहमीच्या सवयीने रूळ ओलांडताना इंजिनाखाली सापडतो. अपघात, आत्महत्या की आणखी काही, हे कादंबरी सांगत नाही. पात्रे आपापले तर्क लढवत राहतात. श्मिटच्या भाषेत ही जमीन आणि समुद्र यांच्या सीमेवरची घटना आहे. योन्सोनच्या भाषेत ती रात्रपाळीनंतर घरी निघालेल्या एका माणसाची घटना आहे, आणि त्या माणसाने काही मिनिटांपूर्वी कोणती गाडी सोडली आणि कोणती रोखली, याला किंमत आहे.

क्रिस्टा वोल्फची ‘दुभंगलेले आकाश’ 1963 ची, पूर्वेतच लिहिलेली आणि पूर्वेतच राहिलेली. रिटा रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. तिचा प्रियकर मानफ्रेड हा रसायनशास्त्रज्ञ, आपले संशोधन नाकारले गेले म्हणून तो वैतागून पश्चिम बर्लिनला निघून जातो. भिंत उभी राहायच्या थोडे आधी, 1961 च्या ऑगस्टमध्ये, ती त्याला भेटायला जाते आणि परत येते. तो म्हणतो की निदान आकाशाची तरी वाटणी होणार नाही. तिला कळते की सगळ्यात आधी वाटणी आकाशाचीच होते. काही दिवसांत ती कारखान्यात दोन डब्यांच्या मध्ये रुळांवर कोसळते. वोल्फ रिटाला कोणत्याही दिशेची प्रतिनिधी करत नाही: तिला कारखान्यातली माणसे सोडवत नाहीत, आणि मानफ्रेडला इथला कोतेपणा. दोघांचीही कारणे खरी आहेत. पुढे 1993 मध्ये उघड झाले की ही कादंबरी लिहिण्याच्या सुमारास, 1959 ते 1962 या काळात, वोल्फ गुप्त पोलिसांना माहिती देणाऱ्यांच्या यादीत होती, आणि नंतरची कितीतरी वर्षे तेच पोलीस तिच्यावर पाळत ठेवून होते. यावरून तिला झोडपणाऱ्यांत पश्चिमेतले समीक्षक आघाडीवर होते. त्यांच्यातल्या किती जणांनी युंगरला वा श्मिटला इतक्या उत्साहाने जाब विचारला होता, हा हिशेब कोणी तरी मांडायला हवा.

बर्लिनच्या भिंतीनंतरच्या राजकारणाला मी इथे थोडक्यात उरकतो. 1963 मध्ये पश्चिम बर्लिनचा महापौर विली ब्रांट याचा सहकारी एगोन बार याने टुट्झिंगला ‘जवळ जाऊन बदल’ घडवण्याचे सूत्र मांडले, 1970 मध्ये मॉस्को आणि वॉर्सा यांच्याशी करार झाले, त्याच वर्षी जर्मन पोलादी नळांच्या बदल्यात सोव्हिएत वायू घेण्याचा व्यवहार झाला, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर रशियाने मोठा हल्ला चढवल्यावर चान्सेलर शोल्त्स याला संसदेत काळ पालटल्याची घोषणा करावी लागली. बारचे सूत्र त्याच्या काळात योग्य होते, असेच मला अजूनही वाटते. श्मिटचा युंगरवरचा आक्षेप उसना घेऊन म्हणायचे तर, 1970 चे उत्तर 2014 मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतरच्या हाकेलाही देत राहण्यात घोटाळा झाला. दरम्यान श्मिट आणि हाउसहोफर यांची जमीन-समुद्राची भाषा जर्मनीतून निघून मॉस्कोत पोहोचली होती. अलेक्सांद्र दुगिन या रशियन राष्ट्रवादी विचारवंताने 1997 मध्ये भूराजकारणावर जो ग्रंथ लिहिला त्यात तीच मांडणी आहे, फक्त लेखक आता जमिनीच्या बाजूने बोलतो. कर्ता तिथेही दिसत नाही. सीमा आपोआप सरकतात.

आणि खुद्द जर्मनीत पूर्व पुन्हा एकदा जागा बदलून बसली आहे. 2023 मध्ये लाइपझिगचा जर्मन साहित्याचा प्राध्यापक डिर्क ओश्मान याने एक चिडलेले पुस्तक लिहिले: पूर्व ही पश्चिम जर्मनांनी केलेली निर्मिती आहे, पश्चिमेतले लोक स्वतःला सर्वसाधारण समजतात आणि पूर्वेतल्यांना अपवाद. पुस्तक धडाधड खपले. दुसऱ्या बाजूने पूर्वेतच वाढलेला इतिहासकार इल्को-साशा कोवाल्चुक याने याच्या उलट सुनावले की आयते मिळालेले स्वातंत्र्य अनेकांना झेपले नाही आणि खापर फोडायला पश्चिम सापडली. ओश्मान वाचताना मला वारंवार वाटले की हा माणूस आपल्या अनुभवाविषयी बोलतो तेव्हा खरा आहे, आणि ‘पश्चिम’ असे म्हणू लागला की तोही युंगरच्या उंचीवर चढतो. त्याच्यापेक्षा येनी एर्पेनबेकची ‘कैरोस’ मला जास्त सांगून गेली. 1967 मध्ये पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेल्या या लेखिकेच्या कादंबरीला 2024 चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. एकोणीस वर्षांची काटारिना आणि पन्नाशीतला विवाहित लेखक हान्स यांचे प्रेम, त्याचे तिच्यावरचे वाढते नियंत्रण, ध्वनिफितींवर भरून पाठवलेले त्याचे आरोप, आणि बाजूला मोडत चाललेले राज्य. हान्स लहानपणी नाझी युवक संघटनेत होता, मोठेपणी तो समाजवादी पूर्व निवडून आला, आणि शेवटी त्याच्या गुप्त फायली उघडतात तेव्हा काटारिनाला कळते की तो आणखी कोणाकोणाला काय काय सांगत होता. एर्पेनबेक हे सगळे माणसाच्या नावानिशी, तारखेनिशी मांडते. त्या फायली वाचताना काटारिना कोणत्याही दिशेला दोष देत नाही. ती हान्सचे अक्षर ओळखते.